नाताळचा रोस्ट आदल्या दिवशीच शिजवा

आमच्या वसईत नाताळच्या जेवणाला फुगे, म्हणजे मैद्याचे तळलेले गोल पाव, असतातच, पण सगळे वाट बघतात ती बीफच्या रोस्टची. तो पंचवीस तारखेच्या सकाळी करायला घेऊ नका. तेवीसला मुरवा, चोवीसला शिजवा, पंचविसाला कापा. एक तर काप सुबक पडतात. दुसरं म्हणजे, रांधणारीलाही चर्चमधल्या रात्रीच्या मिस्साला, म्हणजे प्रार्थनेला, सगळ्यांबरोबर जाता येतं. माझ्या आईच्या कितीतरी नाताळच्या रात्री चुलीपुढे गेल्या, म्हणून हे आधी सांगते.

महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे. त्यामुळे आपल्याकडे बीफ म्हणून मिळतं ते म्हशीचं. रंगाने गडद, चरबी कमी, धागा जाड. परदेशी कृतींतला तासा-दीड तासाचा वेळ त्याला पुरत नाही, आणि आतून गुलाबी ठेवण्याच्या फंदातही पडू नका. खाटकाकडे मांडीचा, बिनहाडाचा, दीड किलोचा एकसंध तुकडा मागा. अंडरकट, म्हणजे पाठीच्या कण्याखालचं मांस, नको. ते मऊ असतं खरं, पण तीन तास शिजवलं की कोरडं पडतं. मांडीच्या तुकड्यात पांढरे चिवट पडदे दिसतील, ते काढून टाकू नका. मंद आचेवर तेच विरघळतात आणि रस दाट होतो.

तुकडा पुसून कोरडा करा. तीन छोटे चमचे मीठ, दोन मोठे चमचे आलं-लसणाची गोळी, दोन छोटे चमचे ताजी भरडलेली मिरी, थोडी हळद आणि तीन मोठे चमचे व्हिनेगर सगळीकडून चोळा. सुती दोऱ्याने तीन-चार ठिकाणी आवळून बांधा, म्हणजे शिजताना आकार राहतो. झाकून फ्रीजमध्ये चोवीस तास ठेवा. कच्ची पपई मात्र लावू नका. छोट्या तुकड्यांना ती चालते. एवढ्या मोठ्या तुकड्यात ती आतपर्यंत पोचत नाही, नुसता बाहेरचा थर पिठूळ होतो.

चोवीसला दुपारी जाड बुडाच्या टोपात चार मोठे चमचे तेल चांगलं तापवा. तुकड्यावरचा ओला मसाला निपटून बाजूला ठेवा आणि तुकडा तेलात सोडा. आता हलवू नका. चार-पाच मिनिटांत खालची बाजू तपकिरी झाली की तो आपोआप सुटतो. चिकटून राहिला तर अजून वेळ आहे असं समजा. सगळ्या बाजू अशाच भाजा. रोस्टची चव इथेच तयार होते, इथे घाई केली तर पुढे काही करून ती येत नाही.

तुकडा काढून त्याच तेलात चार उभे चिरलेले कांदे, दालचिनीचे दोन तुकडे, सहा लवंगा आणि बाजूला ठेवलेला मसाला परता. तुकडा परत ठेवून दोन कप गरम पाणी घाला. टोपावर खोलगट ताट ठेवा आणि त्यात पाणी ओता. आतलं पाणी आटलं की ताटातलंच गरम पाणी घालायचं. टोपाखाली लोखंडी तवा सरकवा, आच अगदी मंद ठेवा आणि दर अर्ध्या तासाने तुकडा उलटा. अडीच-तीन तास लागतात. मधोमध सुरी खुपसली की ती अडखळता कामा नये. कुकर वापरायचा तर भाजणं तेच, मग एक शिट्टी झाल्यावर मंद आचेवर चाळीस मिनिटं, आणि वाफ आपोआप जाऊ द्या.

निवला की रसासकट फ्रीजमध्ये ठेवा. दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर नको.

पंचविसाला वर थिजलेली चरबी काढून घ्या, त्यात उकडलेले बटाटे खरपूस परता. दोरा सोडा आणि तुकडा निरखून बघा. धागे एका दिशेने गेलेले दिसतील. सुरी त्यांना आडवी धरा. पहिल्या वर्षी मी गरम रोस्ट धाग्यांच्या दिशेनेच कापला होता. मांस शिजलेलं होतं, तरी ताटात नुसते लांब दोरे आले आणि पाहुण्यांना ते चावेनात. थंड तुकड्याचे, पेन्सिलीएवढ्या जाडीचे काप सरळ निघतात.

रस उकळून थोडा आटवा, चव बघून मीठ घाला. काप त्यात पसरून झाकण ठेवा आणि दहा मिनिटं मंद आचेवर वाफवा. फुगे तळायला घ्याल तेव्हाच टोप आचेवर चढवा. दोन्ही एकदमच गरम वाढता येतात.