सकाळची दहा मिनिटं आणि एक वही

मुलुंड कॉलनीत आमच्या इमारतीमागे एक भिंत आहे आणि भिंतीपलीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर. चार पावसाळ्यांपूर्वी मीटर रूममध्ये धामण निघाली. वॉचमनला "काठी आणा" असं मीच ओरडून सांगितलं. धामण बिनविषारी असते, उंदरांवर जगते, हे मला ती मेल्यावर कळलं. फार लागलं मनाला. तेव्हापासून रोज सकाळी दहा मिनिटं मी वही घेऊन बसते, आजूबाजूच्या प्राण्यांकडे आपण कसं बघतो ते तपासायला.

तुम्हाला बसायचं असेल तर उजाडताना खिडकीशी बसा. मोबाईल आतल्या खोलीत ठेवा, चहा जवळ असू द्या. थोडा वेळ नुसतं ऐका. कावळे असतातच, पण त्यांच्या मागे भारद्वाजाचं घुमणंही ऐकू येतं.

मग काल दिसलेला किंवा बातमीत वाचलेला एक प्राणी लिहा. मनात आला तसाच लिहा, शब्द गोड करू नका. माझी पहिली नोंद होती, "बिबट्या सोसायटीत घुसला." त्यातल्या क्रियापदाखाली रेघ मारा आणि स्वतःला विचारत जा. कशासाठी आला? कुत्र्यांसाठी. कुत्री कशाला जमली? कचऱ्याला. कचरा कुणाचा? आमचाच, झाकण नसलेल्या डब्यातला. आता तेच वाक्य पुन्हा लिहा. माझं झालं, "आमच्या कचऱ्यावर जमलेल्या कुत्र्यांमागे बिबट्या आला." त्याच संध्याकाळी मी डब्याच्या झाकणाचा विषय सोसायटीच्या मीटिंगमध्ये काढला. ही पायरी घाईत उरकू नका, खरं काम इथेच होतं.

भीती वाटत असेल तर तीही लिहा. २००४ साली उद्यानाच्या आसपास बिबट्यांच्या हल्ल्यांत माणसं गेली आहेत. उद्यानाशेजारच्या आरेतल्या पाड्यांवरचे वारली आदिवासी वाघोबाला, म्हणजे वाघ-बिबट्याच्या रूपातल्या देवाला, पूजतात, आणि तरी अंधारात जपूनच वावरतात. तेव्हा भीतीपुढे खबरदारी लिहा: तिन्हीसांजेनंतर लहान मूल एकटं बाहेर नको, वाटेत उजेड हवा. बिबट्या दिसलाच तर गर्दी करून घेरू नका, त्याला जायला वाट ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा.

महिन्या-दोन महिन्यांनी वहीची मागची पानं उलटून बघा. माझ्या वहीत श्रावणात "शी, वटवाघूळ!" एवढंच आहे. मार्गशीर्षात लिहिलंय, "रात्री उंबरावर वटवाघळं आली होती. सकाळी खाली चावून टाकलेले चोथे, अजून ओले."