पद्मिनीचं ट्यूनिंग: करा, पण या चुका टाळा

वडिलांची 1985 ची प्रीमियर पद्मिनी माझ्याकडे आली तेव्हा साताऱ्याकडे जाताना खंबाटकीत ती दुसऱ्या गिअरवर रडत चढायची. मागून भाजीचे टेम्पोसुद्धा हॉर्न मारून पुढे जायचे. एका गॅरेजमध्ये नेली. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, ॲक्सिलरेटर दोनदा दाबून कान दिला आणि निकाल सांगितला, "साहेब, ट्यूनिंग करावं लागेल. कार्बोरेटर गेलाय." कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, खोलला, धुतला, बसवला. घाट तसाच. महिन्याभराने पुन्हा तेच. दोष कुठे होता ते पुढे सांगतो. आधी मूळ प्रश्न: एवढ्याशा जुन्या गाडीचं ट्यूनिंग करण्यात अर्थ आहे का? आहे. मात्र बहुतेक लोक ते उलट्या क्रमाने आणि चुकीची अपेक्षा ठेवून करतात.

ट्यूनिंग म्हणजे ताकद वाढवणं, हा गैरसमज

गॅरेजच्या भाषेत ट्यूनिंग म्हणजे टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या यंत्रणेतली फट), पॉइंट (ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क), प्लग, टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) आणि कार्बोरेटर. कारखान्यातून निघताना इंजिन जसं चालत होतं तिथे त्याला परत नेणं. पद्मिनीचं इंजिन 1089 सीसीचं, 68 मिलिमीटर बोअर आणि 75 मिलिमीटर स्ट्रोक, ताकद जेमतेम चाळीसेक अश्वशक्ती. ट्यूनिंग बिघडलं की यातले काही घोडे झोपतात, नीट केलं की उठतात. एक्केचाळिसावा घोडा मिळत नाही.

दुसऱ्या अर्थाचं ट्यूनिंग म्हणजे मोठे जेट (कार्बोरेटरमधले पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे तुकडे), दोन कार्बोरेटर, हेड (सिलिंडरवरचं झाकण) घासून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) वाढवणं. पद्मिनी ज्या गाडीवरून आली त्या फियाट 1100 च्या इंजिनावर इटलीत स्टँगुएलिनी कंपनीने 1958 च्या सुमारास फॉर्म्युला ज्युनिअरच्या शर्यतीच्या गाड्या बांधल्या, हे खरं. पण शर्यतीचं इंजिन वारंवार उघडलं जातं, आणि आपल्याला गाडी कोल्हापूरला नेऊन परत आणायची असते. क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) तीन मेन बेअरिंगवर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. अशा गाडीत जास्तीची ताकद घेऊन करणार काय? शिवाय 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, पण चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार केलेला चालत नाही. सत्तरच्या दशकातल्या गाड्या आता त्या वयाला पोचतायत. तेव्हा हेड घासण्याआधी दोनदा विचार करा.

कॉम्प्रेशन न मोजता पैसे घालणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि दाब मोजायचं गेज लावून प्रत्येक सिलिंडरवर पाच-सहा वेळा स्टार्टर मारा. आकडा किती यापेक्षा चारही आकडे जवळपास सारखे आहेत का ते बघायचं. दहा टक्क्यांच्या आतबाहेरचा फरक चालतो. एखादा फार खाली असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाका आणि पुन्हा मोजा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात. ढिम्म हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम खाली असतील तर मधल्या गॅस्केटवर संशय घ्या.

रिंगा गेलेल्या इंजिनावर नवे प्लग आणि नवा कार्बोरेटर म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. ते पैसे हाफ इंजिनच्या, म्हणजे इंजिन खोलून रिंगा बदलण्याच्या, कामासाठी बाजूला ठेवा.

व्हॉल्व्हच्या बाबतीत एक खूण लक्षात ठेवा. 2000 साली देशात शिसं घातलेलं पेट्रोल बंद झालं. जुन्या इंजिनांत ते शिसं एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या (धूर बाहेर सोडणाऱ्या झडपेच्या) सीटवर पातळ थर धरायचं आणि सीटची झीज रोखायचं. आता एक्स्प्रेसवेवर तासन् तास ऐंशी-नव्वदने दामटली तर सीट हळूहळू खाली बसते. व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची फट आपोआप कमी होते. दर सर्व्हिसला एक्झॉस्टचेच टॅपेट घट्ट सापडत असतील तर ते मिस्त्रींच्या हाताचा दोष नाही, सीट जातेय. म्हणूनच आवाज नको म्हणून टॅपेट घट्ट करून घेऊ नका. थोडा टकटकणारा टॅपेट परवडला. अगदी गप्प बसलेला व्हॉल्व्ह नीट मिटत नसेल तर जळतो.

कार्बोरेटरपासून सुरुवात करणं

कार्बोरेटर समोर दिसतो, त्याला दोन स्क्रू असतात आणि फिरवले की लगेच आवाज बदलतो. म्हणून सगळे आधी तिथे हात घालतात. क्रम याच्या नेमका उलट आहे: आधी टॅपेट, मग पॉइंट, मग टायमिंग, कार्बोरेटर सगळ्यात शेवटी.

पॉइंट आणि टायमिंग यांचा क्रम का पाळायचा? पॉइंटची फट वाढवली की ते लवकर उघडतात, म्हणजे ठिणगी लवकर पडते. फट कमी झाली की उशिरा. टायमिंग आधी जुळवून नंतर पॉइंटला हात लावलात तर टायमिंग पुन्हा हललं. वापरात पॉइंटची टाच त्याला उघडणाऱ्या फिरत्या कॅमवर घासून झिजते, फट बुजत जाते आणि गाडी हळूहळू मंदावते. रोज चालवणाऱ्याला ते कळतही नाही. 'वय झालं गाडीचं' म्हणून आपण सोडून देतो, आणि प्रकरण असतं केसाच्या जाडीचं.

फट मोजताना आणखी एक फसगत होते. जुन्या पॉइंटच्या एका बाजूला बारीक डोंगर तयार होतो, समोरच्या बाजूला खड्डा. फीलर गेजची पाती डोंगरावर टेकते आणि खड्डा मोजलाच जात नाही. पाती 'बरोबर' सांगते पण खरी फट जास्त असते. गाडी टॉप गिअरमध्ये टाकून हळूच ढकला, टाच कॅमच्या सर्वांत उंच टोकावर आणा, पॉइंट पॉलिश पेपरने सपाट करा, जमत नसेल तर सरळ बदला, आणि मगच मोजा. व्हिजिटिंग कार्ड घालून फट जुळवणारे महाभाग मी पाहिलेत. रस्त्यात अडकल्यावर ठीक आहे, घरी नको. कॅमवर ग्रीसचा ठिपका द्या, ठिपकाच. जास्त झालं की उडून पॉइंटवर बसतं.

टायमिंग कानाने लावणं

डिस्ट्रिब्यूटर, म्हणजे प्लगना आळीपाळीने वीज वाटणारा भाग, फिरवत जायचा आणि जिथे इंजिन सगळ्यात जोरात फिरेल तिथे आवळायचा, ही पद्धत अजून जोरात आहे. उभ्या गाडीवर छान वाटतं. पण लोड नसताना इंजिन जास्तीचं ॲडव्हान्स (ठिणगी लवकर पडणं) खुशीने घेतं. घाटात टॉप गिअरला दाबलं की खडखडायला लागतं. तेच नॉकिंग. उलट टायमिंग फार मागे राहिलं तर गाडी तापते आणि पेट्रोल पिते. टायमिंग लाइट वापरा, खुणा पुसल्या असतील तर खडूने उजळून घ्या.

डिस्ट्रिब्यूटरला व्हॅक्यूमचा डबा (इंजिनाच्या ओढीने ठिणगीची वेळ बदलणारा) असेल तर त्याची परीक्षा फुकट होते. नळी तोंडात धरून हवा ओढा, आतली प्लेट हलली पाहिजे. नळीच्या टोकाला जीभ लावून धरली तर प्लेट तिथेच थांबली पाहिजे. परत आली तर पडदा फाटलाय. गाडी एरवी नीट चालूनही ॲव्हरेज देत नसेल तर आधी हे बघा. प्लगच्या वायरी सगळ्या एकदम उपटू नका. उपटल्याच असतील तर सिलिंडरना ठिणगी मिळण्याचा क्रम 1-3-4-2.

जेटमध्ये तार घालणं

सोलेक्स कार्बोरेटरचा जेट चोंदला की क्लच वायरचा एक धागा काढून आत घालतात. जेट पितळेचा, तार पोलादाची. भोक मोठं होतं, डोळ्यांना दिसत नाही, पण गाडी कायमची काळा धूर ओकायला लागते. जेट हवेने साफ करायचा. 'स्लो' (ॲक्सिलरेटर सोडल्यावरचा इंजिनाचा वेग) कितीही जुळवला तरी टिकत नसेल तर थ्रॉटलची (कार्बोरेटरमधल्या झडपेची) दांडी तिच्या भोकात ढिली झालीय का बघा. हलत असेल तर तिथून हवा घुसते, आणि ती हवा कुठल्याच स्क्रूने बंद होत नाही.

आताचं पेट्रोल 20 टक्के इथेनॉलचं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण थोडं पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) पडतं आणि इंजिन गरम चालतं. त्याहून मोठा धोका रबराला: पेट्रोलच्या नळ्या, पंपाचा पडदा. नळी बोटाने दाबून बघा, चिकट किंवा मऊ लागली तर ताबडतोब बदला. हे ट्यूनिंगचं काम नाही, आग टाळण्याचं काम आहे. आणि मुंबई-पुण्याला जुळवलेली गाडी महाबळेश्वरला जड चालली, काळपट धूर आला, तर स्क्रूला हात लावू नका. वर हवा विरळ आहे, खाली उतरल्यावर ती आपोआप ठीक होते.

सगळं एकदम नवं घालणं

प्लग, पॉइंट, कंडेन्सर, रोटर, कॅप, कॉइल, सगळं एका दिवशी बदललं आणि गाडी मिसिंग मारायला लागली तर दोषी कोण शोधणार? एका वेळी एकच वस्तू बदला आणि वहीत तारीख टाका. विशेषतः कंडेन्सर, म्हणजे पॉइंटमधली ठिणगी शोषणारा छोटा डबा: नवा म्हणजे चांगला असं अजिबात नाही, काही तर पन्नास किलोमीटरसुद्धा जात नाहीत. जुना चालू असेल तर फेकू नका, डिकीत ठेवा. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये संपल्या. सुटे भाग दुकानात ठेवायला लावणारं मोठं गिऱ्हाईकच गेलं.

दोष इंजिनाचाच असणार असं धरून चालणं

आता माझी गोष्ट. तिसऱ्या गॅरेजमधल्या म्हाताऱ्या काकांनी बॉनेट उघडलंच नाही. मला गाडी पाच किलोमीटर फिरवून आणायला लावली, मग चारही चाकांच्या ड्रमजवळ हात नेला. पुढच्या डाव्या चाकापाशी झटकन मागे घेतला. "हात लावून बघ," म्हणाले. मी बघितलं आणि बोट भाजून घेतलं. ब्रेकचा रबरी होज आतून फुगला होता. पाय दाबला की ऑइल जायचं, सोडला की परत यायचं नाही. गाडी वर्षभर ब्रेक लावूनच घाट चढत होती, आणि मी दोनदा कार्बोरेटर धुऊन घेतला होता.

होज बदलला. मग टॅपेट, पॉइंट, टायमिंग, कार्बोरेटर, याच क्रमाने. आता ती खंबाटकी तिसऱ्या गिअरवर चढते, अगदी शेवटच्या वळणालाच दुसरा लागतो. भाजीचे टेम्पो अजूनही पुढे जातात, फक्त हॉर्न मारत नाहीत.