करमळीच्या तळ्यावरच्या तपकिरी माद्या

बदकांचा रंगीत नर कुणालाही ओळखता येतो. माझा जीव मात्र माद्यांत गुंततो. डिसेंबरात सकाळी सातला गोव्यातल्या करमळीच्या तळ्याच्या बांधावर जा आणि सूर्य पाठीशी घेऊन उभे राहा; समोरून ऊन आले की सगळीच बदके काळी दिसतात.

आधी रंग विसरा, चोच बघा. चमच्यासारखी रुंद चोच म्हणजे थापट्या बदक, दुसरा विचारच नको. लांब मान, साधा चेहरा, करडी चोच, टोकदार शेपूट असेल तर ती तलवार बदकाची मादी.

खरा घोळ भुवई बदक आणि चक्रांग या दोन लहानग्यांचा. दोन हिवाळे मी भुवईच्या माद्या चक्रांग म्हणून वहीत लिहीत होते. आता दुर्बीण थेट चेहऱ्यावर नेते. भुवईच्या मादीला डोळ्यावर फिकट भुवई, डोळ्यातून गडद रेघ, गालावर आणखी एक पुसट रेघ आणि चोचीच्या मुळाशी पांढुरका ठिपका असतो. चक्रांगच्या मादीचा चेहरा त्यामानाने कोरा. तिची खूण मागे असते: शेपटीच्या बुडाशी बाजूला फिकट रेघ. चोच पिसांत खुपसून झोपलेली असली तरी ही रेघ दिसते, म्हणून मला ती फार आवडते.

आणि घाई करू नका. भुवई बदकाचे नर हिवाळ्यात बरेच दिवस मादीसारखेच दिसतात. उडताना पंखाचा पुढचा भाग निळसर राखाडी दिसला, तर तो नर. त्यासाठी थवा मुद्दाम उठवू मात्र नका. वरून भोवत्या हा शिकारी पक्षी गेला की बदके आपणहून उठतात.