उन्हाळ्यात पेट्रोल किती चढणार? व्हॅनवाल्याचा हिशेब

विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, पण व्हॅनचा वर्षभराचा रेट पालकांना एप्रिल-मेमध्येच सांगावा लागतो. एकदा सांगितला की पुढच्या परीक्षेपर्यंत तोच. नागपुरात मानेवाड्याहून धरमपेठेत पोरं नेताना पेट्रोलचा अंदाज चुकला तर भार आपल्याच खिशावर येतो. नव्याने व्हॅन घेतलेले भाऊ विचारतात, "काका, रेट काढता कसा?" त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी एक करा, ऊन आणि भाव यांची सांगड डोक्यातून काढा. अमेरिकेत उन्हाळ्यात लोक गाड्या घेऊन फिरायला निघतात, त्यात उन्हाळी पेट्रोल बनवायला जास्त खर्च येतो, म्हणून तिथे भाव चढतो. नागपुरात पारा 45 वर गेला तरी पंपावरचा आकडा त्यापायी हलत नाही.

बघायचं ते क्रूड, म्हणजे कच्चं तेल, आणि डॉलर. टीव्हीवर ब्रेंटचा, म्हणजे जगाच्या बाजारात प्रमाण धरतात त्या क्रूडचा भाव सांगतात. तुम्ही 'इंडियन बास्केट' बघा. आपल्या रिफायनऱ्यांना लागणाऱ्या तेलाचा तो सरासरी भाव. पेट्रोलियम मंत्रालयाची पीपीएसी, म्हणजे तेलाच्या आकडेवारीचं कार्यालय, तो वेबसाइटवर देते. एका दिवसाच्या उडीवर जाऊ नका, महिन्याची सरासरी धरा.

आता वही काढा. एक बॅरल म्हणजे 159 लिटर. डॉलर 85 रुपये धरला, तर क्रूड बॅरलमागे एका डॉलरने वाढलं की लिटरमागे 85 भागिले 159, म्हणजे 53 पैसे. केंद्राची एक्साइज, म्हणजे उत्पादन शुल्क, लिटरमागे ठरलेली असते, ती भावाबरोबर वाढत नाही. राज्याचा व्हॅट मात्र टक्क्यांत आहे, तो वाढीवरही बसतो. 25 टक्के धरले की 53 चे 67 पैसे होतात. म्हणजे क्रूड दहा डॉलरने वाढलं तर लिटरला पावणेसात रुपयांच्या आसपास. रुपया घसरला तरी हेच: क्रूड 70 डॉलर असताना डॉलर एका रुपयाने महागला, तर व्हॅटसकट 55 पैसे.

हा कागदावरचा आकडा. पंपावर तो कधी उतरेल, हे वेगळं गणित. जून 2017 पासून भाव रोज सकाळी सहाला बदलता येतो, पण 2022 आठवा. युक्रेनच्या युद्धाने क्रूड भडकलं, तरी नोव्हेंबर 2021 पासून थांबलेला भाव मार्चपर्यंत हलला नाही. 10 मार्चला पाच राज्यांचे निकाल लागले आणि 22 मार्चपासून वाढ सुरू झाली, बरेच दिवस 80-80 पैशांनी. 6 एप्रिलपर्यंत दहा रुपये चढले, नागपुरात लिटर 120 च्या घरात गेलं. मेमध्ये केंद्राने एक्साइज आठ रुपयांनी उतरवली, जुलैत राज्याने व्हॅट कमी करून आणखी पाच रुपये. ज्यांनी एप्रिलच्या भावावर वर्षाचा रेट बांधला, त्यांच्या पालकांनी वर्षभर जास्त भरले. ते बरोबर नाही.

म्हणून कॅलेंडरवर निवडणुकांच्या तारखा लिहून ठेवा. मतदान जवळ असेल तर तोवर भाव थांबेल असं धरा, आणि साठलेली वाढ निकालानंतर येईल असं समजा. क्रूड उतरलं म्हणून लगेच स्वस्ताईही मोजू नका. एप्रिल 2025 मध्ये क्रूड पडलं, तर केंद्राने एक्साइज दोन रुपयांनी वाढवली आणि पंपावरचा भाव होता तिथेच राहिला.

रेट काढताना मी कागदावरच्या वाढीतली निम्मीच धरतो. बाकीची पालकांना द्यायच्या चिठ्ठीत लिहून देतो. समजा व्हॅन रोज 40 किलोमीटर चालते, सिग्नलच्या गर्दीत 12 चं ॲव्हरेज देते आणि महिन्यात 24 दिवस शाळा. म्हणजे 80 लिटर. पाच रुपये वाढले तर महिन्याला 400, आठ पोरांत वाटले तर डोक्यामागे 50. चिठ्ठीत आजचा भाव तारखेसकट टाका आणि खाली लिहा: 'पेट्रोल यावर पाच रुपये चढलं तर महिन्याला 50 जास्त, पाच रुपये उतरलं तर 50 कमी.' 'उतरलं तर' हा दुसरा भाग लिहायला विसरू नका. पालक सही करतात ते तो वाचून.