डॉबरमन घ्यावा की रॉटवायलर?

माझ्याकडे आधी रॉटवायलर होती, राणी. आता सहा वर्षं डॉबरमन आहे, बादल. त्यामुळे ओळखीतल्या कुणाला मोठं कुत्रं घ्यायचं असलं की गाडी माझ्याकडे वळते आणि पहिला प्रश्न ठरलेला: "राखणीला कुठलं बरं?" मी उलट विचारते, "दुपारी घरी कोण असतं?"

राखणीत दोघांचं डावं-उजवं करण्यात अर्थ नाही. चाळीस किलोचं जनावर फाटकामागे नुसतं गप्प उभं राहिलं तरी काम होतं. निवड करायची ती उरलेल्या दिवसासाठी.

डॉबरमनची जात 19व्या शतकाच्या अखेरीस जर्मनीतल्या आपोल्डा गावी घडली. करवसुली करणाऱ्या डॉबरमन नावाच्या गृहस्थाला सोबत आणि संरक्षण हवं होतं, असं सांगतात. ते सोबतीचं वेड अजून या कुत्र्यांच्या अंगात आहे. मी आंघोळीला गेले की बादल दाराच्या फटीला नाक लावून बसतो, त्याचा श्वास आत ऐकू येतो. पहिल्या वर्षी एकदा पाच तास एकटा राहिला, तर सोफ्याचा एक हात शिल्लक नव्हता. घर रोज सात-आठ तास बंद राहणार असेल तर डॉबरमनचा विचार सोडा. रॉटवायलरलाही एकटेपण आवडत नाही, पण राणी निदान झोपून वेळ काढायची.

रॉटवायलरचे पूर्वज गुरं हाकायचे, खाटकांच्या गाड्या ओढायचे. गुराला अंगानं रेटायची सवय रक्तात आहे. माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची, पंधरा किलोची. राणी प्रेमानं तिच्या शेजारून गेली की कंबरेचा एक धक्का, आणि पोरगी धप्पकन खाली! राग नाही, चावा नाही, नुसतं वजन. घरात रांगतं मूल किंवा काठी टेकणारे आजोबा असतील तर हे आधी मोजा. डॉबरमन रेटत नाही, पण घरातून सुसाट पळतो. धडक त्याचीही बसते.

पूर्ण वाढलेला रॉटवायलर नर पन्नासेक किलो भरतो, मादी बेचाळीसच्या आसपास. डॉबरमन नर चाळीस ते पंचेचाळीस, मादी त्याहून बरीच हलकी, पस्तिसाच्या आत. पिल्लू बघून हे कळत नाही. म्हणून कुणाचं तरी मोठं, शिकवलेलं कुत्रं मालकासकट फिरायला घ्या, आणि पट्टा घरातल्या सर्वांत हलक्या मोठ्या माणसाच्या हाती द्या. वीस मिनिटांत उत्तर मिळतं.

आवाजाचंही सांगते. पुष्कळ रॉटवायलर खूश असले की घशातून घरघरतात. राणी पोट खाजवून घेताना अशी घरघरायची की पाहुणे पाय वर घेऊन बसत. मालकाला ही घरघर आणि खरी गुरगुर वेगळी ओळखता आली पाहिजे: पहिलीत अंग सैल असतं, दुसरीत ताठ आणि नजर रोखलेली. खऱ्या गुरगुरीबद्दल कुत्र्याला कधीच रागावू नका. गुरगुरायचं बंद झालेलं कुत्रं थेट चावतं.

पिल्लू घेताना नुसते कागद बघू नका, आजारांचं विचारा. डॉबरमनमध्ये हृदयाचा स्नायू सैल पडण्याचा आजार फार आढळतो. बाहेरून धडधाकट दिसणारं कुत्रं एकाएकी कोसळू शकतं. आईबापांची हृदयाची सोनोग्राफी आणि ठोके चोवीस तास नोंदवणारी होल्टर तपासणी झाली आहे का, कधी झाली, ते बघा. एकदा चांगली आली म्हणजे जन्मभराची हमी नाही. बादलची आम्ही दरवर्षी करतो. रॉटवायलरच्या बाबतीत आईबापांच्या खुब्यांचे आणि कोपरांचे एक्स-रे मागा. हाडांचा कॅन्सरही या जातीत बराच दिसतो. राणी पुढच्या पायानं लंगडायला लागली तेव्हा मुरगळला असेल म्हणून आम्ही दहा दिवस घालवले. नऊ वर्षांची होऊन गेली. मोठं कुत्रं लंगडलं तर वाट बघू नका.

पोट पिळवटण्याचा धोका मात्र दोघांनाही आहे. ओकारीचे उमाळे येतायत पण बाहेर काही पडत नाही आणि पोट टम्म झालंय, असं दिसलं की रात्रीचे दोन वाजलेले असोत, लगेच व्हेटकडे पळा.

केसांचं थोडक्यात: रॉटवायलरच्या अंगावर दुहेरी केस, म्हणून उन्हाचा त्रास आणि झाडू हातातून सुटत नाही. डॉबरमनचे आखूड आणि विरळ, त्याला थंडी सोसत नाही.

आणि दोघांपैकी कुणालाही नवख्यानं साखळीला बांधून वाढवायचं ठरवलं असेल, तर मी सरळ नाही म्हणते. परवाच एकांना म्हटलं. ते जरा रागावूनच गेले, बादल त्यांना फाटकापर्यंत सोडून आला.