हवा तापली की आवाज किती जोरात पळतो? दोन मोबाईल घ्या आणि स्वतः मोजा

तापमान १ अंशाने वाढलं की आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ०.६ मीटरने वाढतो, हे अकरावीत सगळ्यांनी पाठ केलंय, पण प्रत्यक्ष बघितलंय फार कमी जणांनी. कॉलेजच्या लॅबमध्ये अनुनाद नळीचं (नळीत आवाज घुमवून त्याचा वेग काढायचं) प्रॅक्टिकल होतं खरं, पण ते एकाच खोलीत, एकाच तापमानाला, मग फरक दिसणार कुठून? घरी गच्ची असेल तर हे सहज जमतं, आणि जमल्यावर फार भारी वाटतं.

लागणार काय तर दोन स्मार्टफोन, मोजपट्टी, थर्मामीटर आणि एक मदतनीस. दोन्ही फोनवर फायफॉक्स हे ॲप टाका (जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठाने बनवलंय, फुकट आहे) आणि त्यात अकूस्टिक स्टॉपवॉच उघडा. हे घड्याळ पहिल्या मोठ्या आवाजाला चालू होतं आणि दुसऱ्या आवाजाला थांबतं.

फोन एकमेकांपासून बरोबर १० मीटरवर ठेवा, तेही स्टुलावर, जमिनीवर नको, कारण दुपारी स्लॅब एवढा तापतो की त्याला लागून असलेली हवा सावलीतल्या थर्मामीटरपेक्षा बरीच गरम असते आणि मग तुमचं तापमानच चुकतं. आता तुम्ही पहिल्या फोनपाशी टाळी वाजवा, एक-दोन सेकंदांनी मदतनीस दुसऱ्या फोनपाशी वाजवेल. पहिल्या फोनवर जास्त वेळ दिसेल, दुसऱ्यावर कमी, आणि त्या दोघांतला फरक म्हणजे आवाजाला २० मीटर जायला लागलेला वेळ. समजा १.४८७३ आणि १.४२८० आले, तर फरक ०.०५९३ सेकंद, २० भागिले तेवढे केले की वेग सेकंदाला सुमारे ३३७ मीटर. यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे आवाज एकदा तिकडे जातो आणि एकदा इकडे येतो, त्यामुळे वारा असला तरी जाताना जे कमावलं ते येताना जवळजवळ फिटतं.

टाळी कुठे वाजवता याला फार महत्त्व आहे. दोन्ही फोन जोडणाऱ्या रेषेतच, पण फोनच्या मागच्या बाजूला उभं राहून वाजवायची, बाजूला सरकलात की अंतर १० मीटर राहत नाही. टाळी पोचत नसेल तर स्टीलच्या ताटावर चमचा मारा. ॲपमधला थ्रेशोल्ड (किती मोठ्या आवाजाला घड्याळ चालू व्हावं ती मर्यादा) असा ठेवा की रस्त्यावरच्या हॉर्नने घड्याळ सुरू होणार नाही, आणि मिनिमम डिले (सुरू झाल्यावर जेवढा वेळ घड्याळ दुसरा आवाज धरत नाही तो) थोडा वाढवा म्हणजे भिंतीवरून आलेल्या प्रतिध्वनीने ते थांबणार नाही. अंतरात ५ सेंमी चूक झाली तर वेगात पावणेदोन मीटरची गडबड होते, म्हणजे जवळपास ३ अंशांची, म्हणून स्टुलांच्या पायांभोवती खडूने खुणा करून ठेवाच.

हेच आता दोन वेळा करायचं, एकदा पहाटे आणि एकदा दुपारी, आणि दर वेळी दहाएक रीडिंग घेऊन मधलं धरायचं. नाशिक-निफाडकडे थंडीत पहाटे १० आणि दुपारी ३० अंश सहज असतं, म्हणजे वेग सुमारे ३३७ वरून ३४९ व्हायला हवा आणि फरकाचा वेळ ५९.३ मिलिसेकंदांवरून ५७.३ वर यायला हवा. दोन मिलिसेकंद कानाला कळत नाहीत पण फोनला अगदी आरामात कळतात!

असं का होतं, तर हवा तापली की तिचे रेणू जास्त वेगाने धावतात आणि दाबाचा धक्का पुढच्या रेणूंपर्यंत लवकर पोचवतात. वेग केल्व्हिनमधल्या (सेल्सिअस अधिक २७३) तापमानाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो, ०.६ हा आपल्या रोजच्या तापमानापुरता सोपा आकडा. पुष्कळांना वाटतं की डोंगरावर हवा विरळ म्हणून वेग कमी, पण दाब कमी झाला तशी घनताही त्याच प्रमाणात कमी होते आणि परिणाम फिटतो, महाबळेश्वरला वेग कमी भरतो तो फक्त थंडीमुळे. न्यूटनने गणित मांडलं तेव्हा उत्तर साधारण १५ टक्के कमी आलं, कारण आवाज जाताना दाबली गेलेली हवा क्षणभर तापते हे त्याने धरलं नव्हतं, ते पुढे लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने दुरुस्त केलं.

कोकणात करणार असाल तर दमटपणाही धरा, पाण्याची वाफ हवेपेक्षा हलकी असल्यामुळे ३० अंशाला अगदी दमट हवेत वेग कोरड्या हवेपेक्षा दोनेक मीटरने जास्त येतो.