चौथ्या लेव्हलला स्ट्रेंग्थ वाढवायची की फीट घ्यायचं?

चौथी लेव्हल लागली की हा प्रश्न येतोच, आणि टेबलावरचे सगळे एकदम सल्ले द्यायला लागतात. ज्याचं कॅरेक्टर आहे तो मात्र मोबाइलवर कुणाचं तरी 'बेस्ट बिल्ड' (कॅरेक्टर घडवायचा तयार आराखडा) वाचत बसलेला असतो. मी डन्जन्स अँड ड्रॅगन्स या रोलप्लेइंग गेमची डीएम, म्हणजे खेळ चालवणारी, आहे आणि नोकरी कॉस्टिंगची करते, त्यामुळे 'भारी आहे, घे' एवढ्यावर माझं भागत नाही. आकडे मांडावे लागतात. आमचं टेबल अजून २०१४ च्या नियमांवर खेळतं, म्हणून हिशेब त्याच नियमांचा. २०२४ च्या पुस्तकाबद्दल शेवटी बोलते.

आधी व्यवहार समजून घ्या. बहुतेक क्लासना ४, ८, १२, १६ आणि १९ व्या लेव्हलला एका गुणात (स्ट्रेंग्थ, विझडम वगैरे) २ किंवा दोन गुणांत १-१ अशी वाढ मिळते. डीएमने परवानगी दिली असेल तर ती वाढ सोडून त्याऐवजी फीट, म्हणजे एखादं खास कौशल्य, घेता येतं. फायटरला शिवाय ६ आणि १४ ला, रोगला १० ला. ही लेव्हल क्लासची मोजतात, कॅरेक्टरची नाही. तीन लेव्हल फायटर आणि एक बार्बेरियन केलंत तर चौथ्या लेव्हलला हातात काही पडत नाही. एक लेव्हल दुसरीकडे टाकणाऱ्यांनी हे आधीच मोजून ठेवावं.

आता कालिंदी. आमच्या टेबलावरची फायटर, लेव्हल ४, स्ट्रेंग्थ १६, हातात ग्रेटस्वोर्ड, फायटिंग स्टाइल डिफेन्स. हिटला, म्हणजे वार लागतो का हे ठरवणाऱ्या वीस बाजूंच्या फाशात, ३ स्ट्रेंग्थचे आणि २ प्रोफिशियन्सीचे (सरावाचे) मिळून ५. डॅमेज २डी६ (सहा बाजूंचे दोन फासे) अधिक ३, म्हणजे सरासरी १०. तिच्यापुढे दोन रस्ते होते: स्ट्रेंग्थ १८ करायची, नाहीतर ग्रेट वेपन मास्टर हे फीट घ्यायचं. या फीटमुळे जड शस्त्राने वार करताना हिटमधून ५ कमी करून डॅमेजमध्ये १० वाढवता येतात. शिवाय क्रिट (डॅमेजचे फासे दुप्पट करणारा फटका) बसला किंवा शत्रू शून्यावर आला की बोनस अ‍ॅक्शनमध्ये आणखी एक वार.

हिशेब असा करायचा. ऑर्कचा एसी, म्हणजे वार लागायला गाठावा लागणारा आकडा, १३. स्ट्रेंग्थ १८ झाली तर हिट ६, म्हणजे फाशावर ७ किंवा जास्त हवेत. वीसपैकी १४ बाजू, ७० टक्के. सरासरी डॅमेज ११, म्हणून एका वाराची किंमत ७.७. फीट घेऊन मोठा वार केला तर हिट शून्यावर येतो, १३ किंवा जास्त हवेत, म्हणजे ४० टक्के. पण डॅमेज २०, म्हणून किंमत ८. क्रिट मी धरत नाही, निर्णय बदलण्याइतका फरक त्याने पडत नाही.

हीच रीत बाकीच्यांना लावा. ऑग्रचा एसी ११: स्ट्रेंग्थने ८.८, मोठ्या वाराने १०. गॉब्लिन १५: स्ट्रेंग्थने ६.६, मोठ्या वाराने ६. हॉबगॉब्लिन १८: स्ट्रेंग्थने जवळजवळ ५ आणि मोठ्या वाराने जेमतेम ३. म्हणजे उत्तर कालिंदीकडे नाही, समोर कोण उभं राहतंय त्याच्याकडे आहे. चिलखत घातलेल्या सैनिकांशी मोहीमभर लढणाऱ्याने आणि ऑग्र-झाँबी कापत सुटलेल्याने एकच बिल्ड वाचून निर्णय घेणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

समोरच्याचा एसी डीएम सांगत नाही, सांगूही नये. पण १५ हुकला आणि १७ लागला, तर एसी १६ किंवा १७ आहे हे कुणालाही कळतं. मागच्या काही सेशनमधले असे अंदाज वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, म्हणजे निवड करताना आठवणीवर विसंबावं लागत नाही. आठवणीत राहतात ते फक्त ड्रॅगन.

फीट घेतलंच असेल तर मोठा वार कधी करायचा, हा वेगळा प्रश्न. लोक या दोन प्रश्नांची सरमिसळ करतात. त्यासाठी एक सोपं सूत्र आहे: हिटचा बोनस अधिक १६, वजा सरासरी डॅमेजच्या निम्मे. कालिंदीसाठी ५ + १६ − ५ = १६. एसी १६ ला साधा आणि मोठा वार सारखेच पडतात, त्याखाली मोठा वार करा, त्यावर साधा.

पण सरासरीवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. शत्रू सरासरीने मरत नाही, हिट पॉइंट संपले की मरतो. ऑर्कचे हिट पॉइंट १५. मोठ्या वारात दोन्ही फाशांवर १-१ पडला तरी २ अधिक ३ अधिक १०, बरोबर १५. म्हणजे वार लागला की ऑर्क खलास, आणि वर एक फुकटचा वार. ४० टक्क्यांच्या हिशेबाने एका ऑर्कला सरासरी अडीच वार. स्ट्रेंग्थ १८ वाल्याला एका फटक्यात ऑर्क मारायला फाशांवर ११ किंवा १२ पडावे लागतात, म्हणजे बारात एकदा. एरवी दोनदा लागावं लागतं, त्यामुळे एका ऑर्कला पावणेतीनच्या आसपास वार जातात. ७.७ आणि ८ मध्ये जो फरक दिसलाच नव्हता तो इथे दिसतो.

गॉब्लिनच्या बाबतीत उलटं. त्याचे हिट पॉइंट ७. साधा वार लागला तरी छत्तीसपैकी तेहतीस वेळा तो मरतो. त्याच्यावर २० चं डॅमेज ओतणं म्हणजे डासाला मारायला मुसळ आणणं.

मग शेजारी कोण आहे ते बघा. हा भाग कोणत्याच बिल्डमध्ये नसतो, कारण लिहिणाऱ्याला तुमची पार्टी माहीत नसते. अ‍ॅडव्हांटेज असेल, म्हणजे दोन फासे टाकून मोठा आकडा घेता येत असेल, तर गॉब्लिनच्याच एसीवर, १५ वर, मोठ्या वाराची किंमत ६ वरून १०.२ होते आणि स्ट्रेंग्थवाल्याची ९.२. पारडं फिरलं. तेव्हा फेअरी फायर टाकणारा बार्ड किंवा ड्रुइड पार्टीत आहे का? वुल्फ टोटेमचा बार्बेरियन शेजारी उभा राहतो का? क्लेरिक ब्लेस टाकतो का? ब्लेसमुळे हिटमध्ये वाढणाऱ्या एका डी४ नेसुद्धा एसी १५ वर मोठा वार पुढे जातो, ८.५ विरुद्ध ८. तुम्ही स्वतः बार्बेरियन असाल तर दुसऱ्या लेव्हलपासून रेकलेस अटॅक आहेच, अ‍ॅडव्हांटेजसाठी कुणाच्या तोंडाकडे बघायला नको. अर्थात शत्रूलाही तुमच्यावर अ‍ॅडव्हांटेज मिळतं, तेव्हा हिट पॉइंट बघून.

यापैकी काहीच नसेल तर माझा कौल स्ट्रेंग्थला. ती एसी १८ लाही चालते, सेव्हिंग थ्रोला (संकट टाळायच्या फाशाला) चालते, दार तोडायलाही चालते.

तिसरा रस्ता कालिंदीच्या ध्यानात नव्हता. तिची बोनस अ‍ॅक्शन दर टर्नला वाया जात होती. सेकंड विंड सोडलं तर त्या रकान्यात काहीच नाही. पोलआर्म मास्टर घेऊन हातात ग्लेव्ह धरला तर डी१० च्या मुख्य वाराबरोबर दांड्याचा डी४ चा वार मिळतो, आणि दोन्हींना स्ट्रेंग्थ लागते. एसी १५ वर ५५ टक्के हिट, ८.५ आणि ५.५ मिळून १४, म्हणजे टर्नला ७.७. वरच्या दोन्ही पर्यायांपेक्षा जास्त! एसी ११ लाही पुढे, १८ लाही पुढे. शिवाय कुणी तुमच्या टप्प्यात पाऊल टाकलं की रिअ‍ॅक्शनमध्ये अपॉर्च्युनिटी अटॅक, म्हणजे त्याच्या टर्नमध्ये तुमचा जादा वार.

मग सगळ्यांनी हेच घ्यावं का? बोनस अ‍ॅक्शन रिकामी असेल तरच. हंटर्स मार्क हलवत राहणारा रेंजर, स्माइटचे स्पेल टाकणारा पॅलाडिन, यांचा तो रकाना आधीच भरलेला असतो. दुसरं म्हणजे शस्त्र. डीएम म्हणून सांगते, खजिन्यात जादूची तलवार ठेवताना हात आपोआप चालतो, ग्लेव्ह मुद्दाम आठवून ठेवावा लागतो. फीट घेण्याआधी डीएमला स्पष्ट विचारा, 'पुढे जादूचा ग्लेव्ह मिळायची शक्यता आहे का?' यात लाजण्यासारखं काही नाही. २०१४ च्या नियमांत घेतलेलं फीट बदलून मिळत नाही.

सुरुवातीला कुणी स्ट्रेंग्थ १७ ठेवली असेल तर गणित आणखी वेगळं. १७ चा बोनस १६ एवढाच, १८ ला तो वाढतो. अशा वेळी एक गुण वाढवून देणारं फीट शोधा. हेवी आर्मर मास्टर स्ट्रेंग्थ १ ने वाढवतं आणि जड चिलखतात असताना जादू नसलेल्या शस्त्राच्या प्रत्येक फटक्यातून ३ कापतं. गॉब्लिनच्या तलवारीचे सरासरी साडेपाच उतरून अडीचवर येतात, निम्मं काम झालं. हिल जायंटच्या सोट्याचे सरासरी १८ असतात, त्यातले ३ गेले तर काय मोठंसं? म्हणून हे फीट चौथ्या लेव्हललाच घ्यावं, बाराव्याला नाही.

डॅमेजच्या नादात एक आकडा कुणी लिहीत नाही: गेलेल्या टर्नचा. कल्ट फॅनॅटिक होल्ड पर्सन टाकतो, विझडमचा सेव्ह (सेव्हिंग थ्रो) ११ चा. विझडम ११ असलेला फायटर अर्ध्या वेळा जागच्या जागी गोठतो. गोठलेल्याचं डॅमेज शून्य, आणि जवळून बसलेला प्रत्येक फटका क्रिट. सहाव्या लेव्हलला रेझिलियंट फीट विझडमसाठी घेतलं तर विझडम १२ होऊन १ आणि प्रोफिशियन्सीचे ३ मिळतात, आणि ५० टक्क्यांचे ७० होतात. फायटरला सहाव्या लेव्हलची जादा वाढ मिळते ती मला यासाठीच योग्य वाटते. डॅमेजचं फीट आधी घेऊन झालेलं असतंच.

क्लेरिकने तर स्वतःच्या डॅमेजचा विचार शेवटी करावा. त्याचा ब्लेस कॉन्सन्ट्रेशनवर (एकाग्रतेवर) टिकतो. फटका बसला की १० किंवा डॅमेजच्या निम्मे, यातलं जे जास्त त्याचा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह लागला तरच ती टिकते. कॉन्स्टिट्यूशन १४ असेल तर १० चा सेव्ह ६५ टक्के वेळा लागतो. वॉर कास्टर घेतलं की अ‍ॅडव्हांटेजमुळे सुमारे ८८ टक्के. कालिंदीचे ८.५ त्या ब्लेसवरच उभे आहेत, तेव्हा क्लेरिक आणि फायटरने ही निवड एकमेकांशी बोलून करावी. आमच्याकडे दोघं टेबलाच्या दोन टोकांना बसतात आणि लेव्हल अप झाल्यावर एकमेकांना निकाल ऐकवतात!

फुकट मिळणाऱ्या मूळ नियमांवर, एसआरडी ५.१ वर, खेळत असाल तर त्यात ग्रॅपलर हे एकच फीट आहे. वरची सगळी फीटं प्लेयर्स हँडबुकमधली.

आणि २०२४ चं हँडबुक वापरत असाल तर मोठ्या वाराचं गणित विसरा. तिथे ग्रेट वेपन मास्टरमधून वजा ५, अधिक १० काढून टाकलंय. त्याऐवजी स्ट्रेंग्थ १ ने वाढते, आणि तुमच्या टर्नमध्ये अटॅक अ‍ॅक्शन घेऊन जड शस्त्राने वार लावलात की डॅमेजमध्ये प्रोफिशियन्सी बोनस मिळतो. म्हणजे एसी कितीही असो, हिटला धक्का नाही. तिथे सुरुवातीला १७ ठेवून चौथ्या लेव्हलला हेच फीट घेतलं तर स्ट्रेंग्थ १८ होते आणि हिटला व डॅमेजला १-१ वाढतो, वर फीटचे २. स्ट्रेंग्थ १६ असेल तर ती १७ वर अडकते, आणि मग दोन गुणांची वाढ पुन्हा तराजूत घालावी लागते.